तिसऱ्या रकान्यातली शर्यत

सरकारी वेळेत, सरकारी खुर्च्यांवर बसून, लेखी आदेशाने दोन दिवस गाड्या पळवायचा गेम खेळलेली खरेदी समिती देशात दुसरी असेल असं मला वाटत नाही. आमच्या लखनौच्या कार्यालयात ती होती. तिचं इतिवृत्त मी लिहिलं आहे आणि एक वाक्य सोडलं तर ते शब्दशः खरं आहे. ते वाक्य कोणतं, हे आता सांगायला हरकत नाही. माझी पेन्शन सुरू झाली आहे.

मी मूळची भंडाऱ्याची. मिस्टर विमानदलात होते, त्यांची बदली लखनौला झाली, आणि मी इथल्याच एका केंद्रीय कार्यालयात परीक्षा देऊन लागले. पुढे आलमबागेत घर झालं आणि परत जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. कार्यालयात मी ‘मेश्राम मैडम’, खरेदी विभाग, पहिला मजला, जिन्याशेजारची खोली.

खरेदी विभाग म्हटलं की लोकांना वाटतं, हे दिवसभर वस्तू विकत घेतात. छे! आम्ही दिवसभर वस्तूंची तुलना करतो. पंखा घ्यायचा असो की फिनाइल, तीन ठिकाणांहून भाव मागवायचे, एका मोठ्या कागदावर रेघा मारायच्या, डावीकडे विक्रेत्यांची नावं, वरती निकष, आणि एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. याला तुलनात्मक तक्ता म्हणतात. त्याचे दोन नियम आहेत. कागदावर जो निकष नाही, त्यावर तुलना करायची नाही. आणि कागदावर जो निकष आहे, त्यावर तुलना केलीच पाहिजे, मग तो कितीही खुळा असो. पहिल्या नियमापायी मी एकदा बिनझाकणाच्या चाळीस पाण्याच्या टाक्या घेतल्या आहेत, कारण झाकणाचा रकाना आखायला कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या नियमाने काय होतं, ते पुढे येईल.

गिऱ्हाईक दुकानदाराला छळतं असं ऐकलं आहे. आमच्याकडे उलट. एकदा पडद्यांच्या खरेदीत तीन विक्रेत्यांचे लिफाफे आले आणि तिन्ही लिफाफ्यांच्या एकाच कोपऱ्यावर पानाचा एकच डाग. मी तिघांनाही चर्चेला बोलावलं. चौकातले, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारपेठेतले, एक गृहस्थ तीनदा आत आले, दर वेळी टोपी बदलून. तिसऱ्यांदा तर त्यांनी आधीच्या दोघांची, म्हणजे स्वतःचीच, यथेच्छ निंदा केली. मी तिन्ही वेळा चहा विचारला, त्यांनी तिन्ही वेळा घेतला. लखनौत माणसाला त्याच्या तोंडावर खोटं पाडत नाहीत, आणि मी आता इथलीच झाले आहे.

तर संगणक. चाळीस नवीन घ्यायचे होते. तीन विक्रेते आले: एकाचं विंडोज, दुसऱ्याचं मॅक, तिसऱ्याचं लिनक्स. ही नावं आमच्या मजल्यावर दोन दिवससुद्धा टिकली नाहीत. चिन्हांवरून खिडकीवाला, सेबवाला (सेब म्हणजे सफरचंद) आणि पेंग्विनवाला अशी नावं पडली आणि फाइलीतही तीच गेली. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे तेव्हाच्या माझ्यासारख्यांसाठी सांगते. संगणकाच्या आत एक मूळ व्यवस्था असते, तिच्यावर बाकी सगळं चालतं. ती या तिघांची वेगवेगळी. खिडकीवाली सगळ्यांच्या हातात बसलेली. सेबवाली देखणी आणि महाग. पेंग्विनवाली फुकट, पण तिच्याशी आधी ओळख करून घ्यावी लागते.

निकष ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पंख्याचे निकष मी झोपेतही सांगेन, संगणकाचे काही केल्या सुचेनात. घरी मुलीला विचारलं.

“मम्मी, इंटरनेट पे सब है, यार,” ती म्हणाली आणि या तिघांचीच तुलना करणारं एक पान तिने मला छापून दिलं. तीन रकाने होते. मी पहिला वाचला: किंमत. दुसरा वाचला: वापरायला किती सोपं. झालं माझं समाधान. पान जसंच्या तसं ‘परिशिष्ट ब’ म्हणून फाइलीला जोडलं. त्यावर पाच जणांच्या सह्या झाल्या. पाचांपैकी एकानेही तिसरा रकाना वाचला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण पहिली सही माझी होती.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गेमिंग परफॉर्मन्स’. म्हणजे कोणत्या यंत्रावर गेम किती चांगला चालतो.

हे लक्षात आलं अवस्थीजींच्या, म्हणजे समितीच्या वित्त सदस्यांच्या, आणि तेही निविदा उघडल्यावर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परिशिष्ट डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, “मैडम, ये क्या है? हम लोग डाक भेजते हैं या लूडो खेलते हैं?” रकाना काढायचा तर फाइल दिल्लीला परत जाणार, तोवर मार्च उलटणार आणि मंजूर निधी गडप होणार. सक्सेना साहेब आमचे निदेशक आणि समितीचे अध्यक्ष. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी परिशिष्ट उलटसुलट पाहिलं, खाली स्वतःची सही दिसली, आणि ते शांतपणे म्हणाले, “जो लिखा है, वह तो करना पड़ेगा।”

आता शुक्लाजींबद्दल सांगायला हवं, कारण मला ही सगळी गोष्ट त्यांच्यामुळे आठवते.

शुक्लाजी आवक-जावक शाखेतले सगळ्यात जुने बाबू. राहायला चौकात, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. साऱ्या कार्यालयाची पत्रं त्यांच्या टेबलावरून आत यायची आणि बाहेर जायची. एकदा मी त्यांना एक पत्र दिलं. ते त्यांनी हातात धरलं, मान जराशी तिरकी केली, गंभीरपणे ‘हूँ’ म्हणाले. पत्र उलटं होतं.

मी ते हळूच सुलटं करून दिलं. नंतर जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच माझ्या खोलीत आले आणि दार लोटून बसले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा आजार. नजरेचा मधला भाग गेलेला, फक्त कडा शिल्लक. म्हणून चालताना कुणाला धडकत नसत, आणि माणसं आवाजावरून ओळखत. अक्षर मात्र एकही दिसत नव्हतं. मग काम कसं करता, विचारलं तर म्हणाले, “उँगलियों को याद है, मैडम। ऊपर से तीन बार नीचे, चार बार टैब, फिर नंबर।” कागद शिपाई वाचून दाखवायचा. त्याला त्यांनी सांगितलं होतं, तुझं वाचन सुधारायला हवं. त्याचं खरोखरच सुधारलं.

मी म्हटलं, अहो, सांगून टाका. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कायद्याने कुणाला काढता येत नाही, पगारही कमी करता येत नाही.

“तनख़्वाह तो रहेगी,” शुक्लाजी म्हणाले. “मेज़ चली जाएगी।”

ते खरं होतं. आमच्या एका ड्रायव्हरची नजर कमी झाली होती. त्याला फाटकाजवळ एक स्टूल दिलं, पूर्ण पगार दिला आणि काम काहीच दिलं नाही. जाणारा-येणारा त्याच्यासमोर बोटं नाचवून ‘कितनी हैं?’ विचारायचा, आणि तोही बिचारा हसून उत्तर द्यायचा. शुक्लाजींना निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौदा महिने स्वतःच्या टेबलावर बसून काम करायचं आणि उभ्याने निरोप घ्यायचा, एवढंच त्यांना हवं होतं. मी शब्द दिला की माझ्या तोंडून हे कुणाला कळणार नाही.

शुक्लाजींचं जुनं यंत्र खिडकीवालं होतं, आणि आता नवी यंत्रं येणार होती. पेंग्विनवाला जिंकला असता तर शुक्लाजींच्या बोटांनी पाठ केलेलं सगळं एका सकाळीत पुसलं गेलं असतं. तेव्हा उघडच सांगते, खरेदी समितीची सदस्य सचिव म्हणून मी पहिल्या दिवसापासून निःपक्षपाती नव्हते. मला खिडकीवाला हवा होता.

पहिला रकाना किंमत. पेंग्विनवाल्याचं यंत्र स्वस्त होतंच, वर मूळ व्यवस्थेसमोर त्याने शून्य लिहिलं होतं. अवस्थीजी त्या शून्याने हैराण झाले. फुकट वस्तूचा दर वाजवी आहे की नाही, हे कसं प्रमाणित करायचं? शिवाय आमच्याकडे प्रथा अशी की जो सगळ्यात कमी भाव देतो, त्याला बोलावून आणखी कमी करायला सांगायचं. अवस्थीजींनी प्रथा मोडली नाही. त्यांनी पेंग्विनवाल्याला समोर बसवलं आणि प्रत्येक ओळीवर थोडं-थोडं खाली यायला सांगितलं. शून्याच्या ओळीवरही.

पेंग्विनवाला साधासुधा, मनापासून बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, “सर, इससे नीचे गया तो मुझे आपको देना पड़ेगा।”

“कितना दे सकते हैं?” अवस्थीजींनी पेन उघडून विचारलं.

दुसरा रकाना वापरायला किती सोपं. हा माझा. कसोटी अशी ठरली की समितीच्या प्रत्येक सदस्याने प्रत्येक यंत्र सुरू करायचं, हिंदीत ‘उपर्युक्त विषय के संदर्भ में’ एवढं टंकायचं आणि बंद करायचं. सेबवाल्याच्या यंत्रावर अवस्थीजींना सुरू करायचं बटणच सापडेना. ते मागच्या बाजूला होतं. दहा मिनिटं त्यांनी यंत्र सगळ्या बाजूंनी चाचपलं आणि शेवटी म्हणाले, देखणं आहे, पण दार कुठे आहे? तांत्रिक सदस्य रिज़वी साहेब, आमच्या संगणक शाखेचे प्रमुख, फार अदबीचा माणूस. ते यंत्रालाही ‘तू’ म्हणत नसत. पेंग्विनवाल्याच्या यंत्राने परवलीचा शब्द मागितला तेव्हा ते हलकेच म्हणाले, “हाँ, हाँ, अर्ज़ करता हूँ।” दोन तासांत एकूण तीन वाक्यं टंकून झाली.

मग तिसरा रकाना.

तिन्ही यंत्रांवर चालेल असा गाड्यांच्या शर्यतीचा एक फुकट गेम रिज़वी साहेबांनी शोधला. तिन्ही यंत्रं तारेने जोडली, म्हणजे एकाच रस्त्यावर तीन गाड्या एकदम पळणार, लाल, निळी आणि पिवळी. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला तळं. तीन फेऱ्या, दर फेरीला यंत्रं बदलायची. ज्या यंत्रावरची गाडी जास्त वेळा पुढे येईल, ते सरस. कागदावर कसोटी बिनतोड होती.

पण आम्ही एक गोष्ट विसरलो. लाल गाडीत सक्सेना साहेब होते.

साहेब गेममधली गाडीही सरकारी गाडीसारखी चालवायचे, रस्त्याच्या मधोमध, संथ. मागे निळ्या गाडीत रिज़वी साहेब अदबीने अंतर ठेवून. पिवळ्या गाडीतले अवस्थीजी तर शिटी वाजताच बाजूला थांबले आणि साहेब पुढे जाईपर्यंत हललेच नाहीत. पहिल्या फेरीत साहेब खिडकीवर होते, खिडकी जिंकली. दुसऱ्या फेरीत साहेब सेबवर, सेब जिंकलं. तिसऱ्या फेरीत पेंग्विन. मी प्रामाणिकपणे आकडे लिहीत होते, आणि त्यातून एवढंच सिद्ध होत होतं की गेमिंग परफॉर्मन्स हा चालवणाऱ्याच्या हुद्द्यावर अवलंबून असतो.

साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं. “आप लोग ठीक से खेलिए,” ते म्हणाले. चौथ्या फेरीत दोघांनी ठीक खेळायचा फार प्रयत्न केला. तेवढ्यात एका वळणावर साहेबांची गाडी गर्रकन फिरली आणि उलट दिशेला निघाली. रिज़वी साहेबांनी आपली गाडी वळवली आणि मागे गेले. अवस्थीजींनीही वळवली. तिन्ही पडद्यांवर लाल अक्षरांत ‘चुकीची दिशा’ अशी सूचना लुकलुकत होती, आणि आमची समिती एकमताने मागे चालली होती. अवस्थीजी मला म्हणाले, “लिखिए, मशीनें रास्ता ठीक से नहीं बतातीं।” मी कच्च्या टिपणात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अवस्थीजींचं डोकं दुखत होतं. ते म्हणाले, नियमानुसार वापरणाऱ्या शाखेचा प्रतिनिधी हवा, माझ्या जागी त्याला बसवा. साहेबांनी विचारलं, सगळ्यात ज्येष्ठ बाबू कोण? कुणीतरी शुक्लाजींचं नाव घेतलं.

शुक्लाजी आले. नमस्कार केला, आवाजाच्या दिशेने, अगदी बरोबर. मी लगबगीने त्यांना खुर्चीपाशी नेलं. त्यांच्यासमोर पेंग्विन आला होता. मी त्यांचं बोट एका कळीवर ठेवलं आणि कानाशी म्हटलं, “बस यह दबाए रखिए। और कुछ मत कीजिए।” माझा हिशेब सरळ होता. गाडी भिंतीला घासत राहील, शेवटी येईल, आणि कुणी लक्ष देणार नाही.

शिटी वाजली. शुक्लाजींनी कळ दाबली आणि सोडली नाही. पिवळी गाडी सुसाट निघाली ती थेट भिंतीला जाऊन चिकटली आणि भिंतीला घासत, ठिणग्या उडवत, पुढे जातच राहिली. डोळ्यांना फक्त कड दिसत होती, आणि भिंत नेमकी कडेला होती. मधे काय आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. समोर साहेबांची गाडी कालच्याच वळणावर पुन्हा गर्रकन फिरली होती आणि भिंतीच्या बाजूने उलट येत होती. रिज़वी साहेब तिच्यामागे अदबीने वळतच होते.

“शुक्लाजी!” अवस्थीजी ओरडले.

“जी,” शुक्लाजी म्हणाले आणि कळ आणखी जोरात दाबली.

पुढचं फार लवकर झालं. लाल गाडी हवेत उडाली, दोनदा कोलांटली आणि तळ्यात पडली. चाकं वर. पिवळी गाडी घासत-घासत पुढे गेली आणि रेघेपलीकडे पोचली. पडद्यावर कागदाचे तुकडे उडाले, बाजा वाजला. सक्सेना साहेबांना कधी कुणी कॉरिडॉरमध्येही ओलांडून गेलं नव्हतं.

बाजा थांबला तसे शुक्लाजी मान तिरकी करून मला हळूच म्हणाले, “मैडम, कौन जीता?”

प्रश्न आणखी कुणी ऐकला असता तर त्याच क्षणी फाटकाजवळचं स्टूल पक्कं होतं. मी ओठ न हलवता म्हटलं, “साहब जीते। चुप रहिए।” शुक्लाजींनी समाधानाने मान हलवली.

साहेब उठले आणि निघून गेले. पाच मिनिटांनी मला बोलावणं आलं.

ते खिडकीशी उभे होते. “मैडम, एक बात बताइए,” मागे न वळता ते म्हणाले. “शुक्ला ने मेरी गाड़ी देखी थी या नहीं?”

इथे माझी सगळी नोकरी एका शब्दावर आली. नाही म्हटलं तर शुक्लाजींचं टेबल जाणार. हो म्हटलं तर त्यांनी निदेशकांना जाणूनबुजून तळ्यात ढकललं असा अर्थ होणार. उद्धटपणाला निदान खुलासा देता येतो, असा विचार करून मी म्हटलं, “देखी थी, सर।”

“फिर भी टक्कर मारी?”

“जी सर।”

साहेब वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. “पूरे दफ़्तर में एक आदमी तो निकला!” ते म्हणाले. मग त्यांनी मनातलं सांगितलं. त्यांना रोज सकाळी डाक वाचून दाखवणारे सगळे तक्रारींची पत्रं वगळून वाचतात, हे त्यांना ठाऊक होतं. “जो मेरी गाड़ी को रास्ता नहीं देता, वह चिट्ठी भी नहीं छिपाएगा। कल से शुक्ला ऊपर बैठेंगे। मुझे डाक पढ़कर सुनाएँगे।”

मी खाली आले आणि पाणी प्यायले. ज्या माणसाला अक्षर दिसत नाही हे लपवण्यासाठी मी खोटं बोलले होते, त्याला मी वाचायच्या कामावर लावून आले होते.

शुक्लाजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसले. मग एवढंच म्हणाले, “मेज़ साथ जाएगी?” साहेबांनी ते आनंदाने मान्य केलं. चार माणसांनी ते सागवानी धूड तिसऱ्या मजल्यावर चढवलं.

त्या संध्याकाळी मी तक्ता पुरा केला. किमतीत पेंग्विन पुढे. सोपेपणात मी खिडकीला पैकीच्या पैकी दिले. सगळ्यांना येतं, शिकवायला लागणार नाही, असं कारण लिहिलं. कारण खोटं नव्हतं, पण माझ्या मनात ते नव्हतं. गेमिंगमध्ये तिघांना सारखे गुण, आणि खाली इतिवृत्तात ते एकमेव खोटं वाक्य: ‘सर्व सदस्यांनी सर्व यंत्रे पूर्ण नजरेखालून घालून चाचणी केली.’ एकूण बेरजेत खिडकीवाला जिंकला. पेंग्विनवाला नंतर मला भेटायला आला, म्हणाला, “मैडम, कमी कहाँ रह गई?” त्याच्यात कमी काहीच नव्हती. मी त्याला चहा पाजला आणि तोंडाला येईल ते सांगितलं. त्याच्यावर अन्याय झाला, आणि तो मी केला.

नमुन्याचं खिडकीवालं यंत्र त्याच आठवड्यात शुक्लाजींच्या टेबलावर ठेवलं गेलं, तेव्हा मी रिज़वी साहेबांना विचारलं, शुक्लाजींच्या यंत्राने मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा असं करता येईल का. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते जुळवून दिलं आणि कानात घालायचा एक छोटा इअरफोन स्वतःच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला. “मोहतरमा, इसमें पूछना क्या,” एवढंच म्हणाले.

अशी आमची व्यवस्था बसली. संगणकावर आलेली पत्रं शुक्लाजी एका कानाने ऐकत आणि साहेबांना म्हणून दाखवत. कागदावरच्या पत्रांसाठी मी आलमबागहून लवकरची मेट्रो पकडू लागले. अर्धा तास मी वाचायचे, ते पाठ करायचे, आणि मग साहेबांसमोर कागद धरून घडाघडा म्हणायचे. कागद सुलटा आहे ना, तेवढं मी बघून जायचे. एकही तक्रार त्यांनी वगळली नाही. दोन तर माझ्या विभागाच्या होत्या, त्याही मीच त्यांना वाचून दाखवल्या. वर्षभर एकही रजा न घेता आम्ही दोघांनी हा उद्योग केला, आणि मी खुशीत होते की कुणाला काही कळलं नाही.

शुक्लाजींच्या निरोपाला सभागृह भरलं होतं. ते व्यासपीठावर, शेजारी मी. हार आणि समोसे झाल्यावर साहेब बोलायला उभे राहिले. शुक्लाजींच्या वक्तशीरपणाचं कौतुक झालं. मग ते मिश्किलपणे म्हणाले, “पहले ही हफ़्ते शुक्लाजी ने मुझे एक चिट्ठी सुनाई। उसमें उन्होंने पढ़ा: ‘शीर्षक, स्तर दो। महोदय, अल्पविराम।’ मैंने सोचा, यह अल्पविराम कौन पढ़ता है?”

सभागृह हसलं. मी हसले नाही. अल्पविराम माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं. मी रिज़वी साहेबांकडे पाहिलं, ते समोशाकडे बघत होते. अवस्थीजींनी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वर्षभर हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांना पहिल्या आठवड्यापासून. आणि कुणीही एकदाही बोटं नाचवली नव्हती. मला त्या क्षणी माझ्या कार्यालयाचा जो अभिमान वाटला, तो पुढे माझ्या स्वतःच्या निरोपालाही वाटला नाही.

साहेब पुढे म्हणाले, “और मैं यह कभी नहीं भूलूँगा कि पूरी नौकरी में मुझे बस एक आदमी ने हराया।”

टाळ्या वाजत राहिल्या. शुक्लाजी माझ्याकडे झुकले. “किसने?” त्यांनी विचारलं.

मला कळेचना ते काय विचारताहेत. मग आठवलं. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की साहेब जिंकले, आणि नंतर खरं सांगायचं राहूनच गेलं होतं. रोज सकाळी अर्धा तास मी त्यांना जगभरची पत्रं वाचून दाखवली, आणि ही एवढी बातमी तेवढी माझ्याकडे पडून होती.

“आपने,” मी म्हटलं. “उस दिन आप जीते थे, शुक्लाजी।”

त्यांनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाले, “पूरा बताइए।”

पुढची भाषणं मी ऐकली नाहीत. मी त्यांना हळू आवाजात सगळी शर्यत सांगितली, शिटीपासून रेघेपर्यंत. पिवळी गाडी भिंतीला कशी चिकटली, ठिणग्या कशा उडाल्या. लाल गाडी कुठून येत होती. “और साहब?” त्यांनी विचारलं. “तालाब में,” मी म्हटलं. “पहिए ऊपर।” शुक्लाजींचे खांदे हलायला लागले. गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या मांडीवर पडेपर्यंत ते आवाज न करता हसले, आणि डोळे पुसून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“मैं कौन सी मशीन पर था?”

“पेंग्विन पर।”

शुक्लाजींनी मान तिरकी केली.

“तो मैडम,” ते म्हणाले, “आपने ग़लत वाली ख़रीद ली।”